मैया उजव्या हाताला, तरी वाट चुकते: परिक्रमेतल्या बिनखुणांच्या टप्प्यांवर वाट कशी काढावी

नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही. एवढा नियम पाठ असला की वाट आपोआप सापडते, या भरवशावर नागपुरातून निघणारे पुष्कळ आहेत. नियम दिशा सांगतो, वाट सांगत नाही. उजव्या हाताला जे पाणी दिसतंय ते नर्मदेचंच आहे की एखाद्या उपनदीचं, हे त्या नियमातून कळत नाही, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच.

हा लेख पायी परिक्रमेतल्या अशा तुकड्यांसाठी आहे जिथे पाटी नाही, बाण नाही आणि तासन्‌तास माणूस भेटत नाही. बरगी, इंदिरा सागर आणि सरदार सरोवर या धरणांच्या बुडीत क्षेत्राचे काठ, शूलपाणीची झाडी (बडवानीपुढचं डोंगरातलं जंगल), अमरकंटकच्या उतारावरचं जंगल ही त्यातली ठळक ठिकाणं. डांबरी रस्त्यानेच जायचं ठरवलेल्यांना यातलं फारसं लागणार नाही.

## टप्पा १: नकाशावर आधी पाण्याची रेषा ओढा

तयारीतलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर १:५०,००० प्रमाणाचे नकाशे पीडीएफमध्ये मिळतात. या प्रमाणात जमिनीवरचा १ किलोमीटर म्हणजे कागदावर २ सेंटीमीटर. एका पत्रकात आपल्या अक्षांशावर साधारण २६ किलोमीटर रुंद आणि २८ किलोमीटर उंच एवढा भाग मावतो. संपूर्ण परिक्रमेची पत्रकं छापायची गरज नाही. ज्या तुकड्यांची धास्ती आहे तेवढीच छापा.

छापताना झेरॉक्सवाल्याला आधीच बजावा की पान 'फिट' करू नका, मूळ आकारातच काढा. पान पाच-सात टक्के आकसलं तर दिवसभराच्या अंतरात दीड किलोमीटरची चूक येते.

तपासा: छापलेल्या पत्रकावरची प्रमाणपट्टी शाळेच्या पट्टीने मोजा. ५ किलोमीटरची पट्टी बरोबर १० सेंटीमीटर भरली पाहिजे.

आता निळी पेन्सिल घ्या. धरण काठोकाठ भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर असते, ते आकडे असे:

- बरगी: ४२२.७६ मीटर
- इंदिरा सागर: २६२.१३ मीटर
- सरदार सरोवर: १३८.६८ मीटर

या नकाशांवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतराने असतात आणि दर १०० मीटरची रेषा जाड असते. त्यामुळे काम सोपं होतं. बरगीसाठी ४०० च्या जाड रेषेवरची पहिली बारीक रेषा (४२०), इंदिरा सागरसाठी २०० च्या वरची तिसरी (२६०) आणि सरदार सरोवरासाठी १०० च्या वरची दुसरी (१४०) निळी करा. भरलेल्या जलाशयाचा काठ या रेषेच्या आसपास येतो.

सरदार सरोवरात १४० ची रेषा पाण्याच्या जेमतेम वर राहते. बरगी आणि इंदिरा सागर इथे मात्र निवडलेली रेषा पूर्ण पातळीच्या दोन-तीन मीटर खाली आहे. डोंगराच्या उभ्या उतारावर त्याने काही बिघडत नाही. सपाट शेतजमिनीत तीन मीटर म्हणजे काठ कित्येक शे मीटर आत सरकलेला असू शकतो. तिथे निळी रेषा आणि तिच्या वरची पुढची रेषा यांमधला सगळा पट्टा 'संशयित' समजा आणि त्यातून जाणाऱ्या वाटेवर प्रश्नचिन्ह टाका.

रेषा पूर्ण झाली की काठ सरळ नसल्याचं दिसेल. प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात पाणी पंजाच्या बोटांसारखं आत घुसलेलं असतं. प्रत्येक बोट किती खोल आहे ते मोजा आणि अंतर दुप्पट करा, कारण आत टोकापर्यंत जाऊन परत यावं लागतं. तीन किलोमीटर खोल बोट म्हणजे सहा किलोमीटर जास्तीची चाल. दहा किलोमीटरचा वाटणारा दिवस बावीसचा होतो तो असा.

इशारा: छापील किंवा ऑनलाइन वर्णन वाचताना साल बघा. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले आणि पाणी पूर्ण पातळीला पहिल्यांदा पोचलं ते सप्टेंबर २०१९ मध्ये. त्याआधीच्या वर्णनातल्या काठच्या वाटा आज चालता येतील असं धरून चालू नका. उपग्रहाच्या चित्रांचंही तेच. ढग नसलेलं स्वच्छ चित्र बहुधा उन्हाळ्यातलं असतं, म्हणजे पाणी उतरलेलं. तुम्ही कार्तिकी एकादशीनंतर निघालात तर पावसाळ्यात भरलेला जलाशय अजून फारसा उतरलेला नसतो.

## टप्पा २: रोजचा कागद

वहीभर माहिती खिशात असून वाटेवर उपयोग होत नाही. प्रत्येक अवघड दिवसासाठी पोस्टकार्डाएवढा एकच कागद करा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि वरच्या खिशात ठेवा. कागदावर पुढच्या गोष्टी, याच क्रमाने:

१. आज कोणत्या तटावर आहोत आणि साधारण दिशा कोणती. दक्षिण तटावर चाल पश्चिमेला, उत्तर तटावर पूर्वेला.

२. वाटेतली गावं ओळीने. दोन गावांमध्ये पाच-सहा किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर मध्ये एखादी ठळक खूण हवी: खिंड, पूल, शाळा, देऊळ.

३. ओलांडायच्या उपनद्या आणि ओढे, नाव आणि क्रमासकट.

४. नर्मदा किती दूर असेल. काठावर, दोन किलोमीटर, की डोंगरापलीकडे?

५. मुक्कामाची जागा, आणि तिच्या अलीकडची दुसरी जागा.

६. माघारी फिरायची वेळ.

गावांच्या नावांत एक खोच आहे. मंडला-दिंडोरीकडे एकाच नावाची जोडगावं असतात, एकामागे 'माल' आणि दुसऱ्यामागे 'रैयत'. बडवानी आणि नंदुरबारच्या डोंगरांत एक गाव म्हणजे चार-पाच पाडे किंवा फलिये, तेही वेगवेगळ्या टेकड्यांवर. 'गावात पोचलो' म्हणजे वाटेवर पोचलो असं होत नाही. कागदावर गावाबरोबर पाड्याचंही नाव हवं. माहीत नसेल तर तिथे जागा कोरी ठेवा आणि आदल्या मुक्कामी विचारून भरा.

वेळेचा हिशोब असा ठेवा: सपाटीवर ओझ्यासह तासाला चार किलोमीटर, झाडीत अडीच. शिवाय दर १०० मीटर चढाला १० ते १५ मिनिटं जास्त. डिसेंबरात सूर्य सव्वापाच ते सहाच्या दरम्यान मावळतो, आणि डोंगराच्या सावलीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं. म्हणून चार वाजता मुक्कामी असायचं आणि दोन वाजेपर्यंत कागदावरचं ठरलेलं गाव आलं नाही तर मागच्या गावाकडे वळायचं. ही वेळ घरी बसून ठरवा. वाटेत थकलेला माणूस 'अजून थोडं बघू'च म्हणतो.

शूलपाणीच्या झाडीबद्दलचा निर्णयही घरीच घ्या. बडवानीपुढे डोंगरातून जाणारी वाट आणि खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, राजपिपला अशी रस्त्याची वाट यांतली एक निवडा. झाडीतल्या वाटेवर नर्मदा बराच काळ दिसत नाही. उपनदीच्या बॅकवॉटरमध्ये नाव (होडी) चालेल की नाही, हेही ज्यांच्याकडून संकल्प घेतला त्यांना निघण्याआधीच विचारून घ्या. पाण्याच्या काठावर उभं राहून या विषयावर वाद घालणारे गट सायंकाळपर्यंत तिथेच असतात.

## टप्पा ३: मोबाइल, होकायंत्र, माळ

मोबाइलमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं एखादं ॲप घ्या (ऑरगॅनिक मॅप्स, ओएसएमअँड) आणि मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात हे तिन्ही भाग घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवा. गुगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, पायी चालायचा दाखवत नाही. म्हणून तो तुम्हाला हायवेवर नेऊन सोडतो.

जीपीएसला नेटवर्क लागत नाही. रेंज नसली की मोबाइल निरुपयोगी झाला असं समजून तो बंद करून टाकणारे अजून भेटतात. रेंज नसताना पहिल्यांदा जागा पकडायला काही मिनिटं लागतात एवढंच. झाडाखालून बाहेर या, मोकळ्यावर उभे राहा, थांबा. एरवी फ्लाइट मोड चालू ठेवा, कारण रेंज शोधत बसण्यातच बॅटरी जास्त जाते.

इशारा: ॲपवरची तुटक रेघ म्हणजे वाट आहेच असं नाही. कुणीतरी उपग्रहाच्या चित्रावरून ती ओढलेली असते आणि बकऱ्यांची वाट वरून माणसांच्या वाटेसारखीच दिसते. ॲपला 'मी कुठे आहे' एवढंच विचारा. 'कुठे जाऊ' हे कागद आणि माणसं सांगतील.

होकायंत्र साधं, पारदर्शक पट्टीचं असलं तरी पुरे. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आत आहे, तो सोडून द्या. मात्र होकायंत्र धरताना मोबाइल, त्याचं चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर आणि काठीचं लोखंडी टोक हातभर लांब असू द्या.

अंतर मोजायला १०८ मण्यांची माळ उत्तम. डावा पाय दहा वेळा पडला की एक मणी. पूर्ण माळ म्हणजे डाव्या पायाची १,०८० पावलं, सपाटीवर सुमारे दीड किलोमीटर. चढावर ओझ्यासह पाऊल आखूड पडतं आणि तीच माळ सव्वा किलोमीटरच्या आत संपते. जपाची माळ वेगळी ठेवा. दोन्ही मोजण्या एकीत मिसळल्या की ना जप नीट होतो ना अंतर.

बाकी सामान थोडक्यात: हेडलॅम्प, शिट्टी, १०,००० एमएएचची पॉवर बँक, तीन लिटर पाण्याची सोय, छातीपर्यंत येणारी काठी.

## टप्पा ४: नागपूरजवळ तीन सराव

पहिला: किलोमीटरचे दगड असलेल्या कुठल्याही रस्त्यावर पूर्ण ओझ्यासह दोन दगडांमधली पावलं मोजा. दोनदा मोजा, सकाळी ताजेतवाने असताना आणि दहा किलोमीटर चालून झाल्यावर. दोन आकड्यांत चांगलाच फरक येतो. वाटेवर दुसराच वापरा.

दुसरा: रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या काठाने, गावांच्या बाजूला, जंगलात न शिरता तासभर चाला. घरून निघताना नकाशावर ओळीने येणाऱ्या, जमिनीत आत घुसलेल्या पाण्याच्या फाट्यांना आकडे द्या. काठावर चालताना नकाशा न बघता 'आता कितव्या फाट्यावर आहोत' ते सांगायचा प्रयत्न करा. बहुतेकांचा एक फाटा तरी मोजायचा राहतो, आणि बरगीच्या काठावर याच कारणाने दिवस वाया जातो.

तिसरा: इटारसीमार्गे रेल्वेने नर्मदापुरम गाठा आणि तिथून बांद्राभानला जा. इथे तवा नर्मदेला मिळते. संगमावर उभं राहून दोन्ही पात्रांची दिशा होकायंत्रावर घ्या आणि प्रवाह बघा. पुढचा टप्पा समजायला याहून चांगली जागा नाही.

## टप्पा ५: उपनदीचा सापळा

दक्षिण तटाने पश्चिमेला चालताय, नर्मदा उजवीकडे. समोर डावीकडून येणारी उपनदी आडवी येते. उतार (पाणी उथळ असलेली ओलांडायची जागा) शोधायला तुम्ही तिच्या काठाने डावीकडे वळता. आता पाणी उजव्याच हाताला आहे, काठ तसाच आहे, गवतातली पायवाटही तशीच. अर्ध्या तासाने बोलण्याच्या नादात उपनदी लागली होती हेच डोक्यातून जातं आणि नर्मदेच्या काठाने चाललोय या समाधानात माणूस दक्षिणेला सरळ पाच किलोमीटर आत जातो.

ओळखायचं कसं, हे तटावर अवलंबून आहे.

दक्षिण तटावर प्रवाह बघा. तुम्ही समुद्राकडे चाललेले असता, म्हणून नर्मदा तुमच्याच दिशेने वाहते. उजव्या हाताचं पाणी समोरून तुमच्याकडे येत असेल तर ती उपनदी आहे.

उत्तर तटावर ही युक्ती चालत नाही. तिथे तुम्ही उगमाकडे चाललेले असता, नर्मदा समोरून येते, आणि उपनदीच्या काठाने वर गेलात तर तीही समोरूनच येते. इथे होकायंत्रच लागतं. पूर्वेऐवजी उत्तरेला तोंड करून बराच वेळ चालताय, असं दिसलं की थांबा.

धरणाच्या पाण्यात प्रवाहच नसतो. तिथे दोन्ही तटांवर होकायंत्र.

होकायंत्र पिशवीच्या तळाशी असेल तर सावली बघा. बारा ते पाऊणच्या सुमारास हिवाळ्यात सावली उत्तरेला पडते. दक्षिण तटावर ती उजवीकडे, उत्तर तटावर डावीकडे हवी. अर्थात नर्मदा सगळीकडे नाकासमोर पश्चिमेला जात नाही. मंडल्याहून जबलपूरकडे ती वायव्येला सरकते, शिवाय मोठी वळणं आहेत. म्हणून सावलीवरून थेट निष्कर्ष काढू नका. नकाशावर त्या जागी पात्र कुठे वळलंय ते बघा आणि मग ठरवा.

तपासा: उपनदी लागली की माळेला एक धागा बांधा. उपनदी ओलांडून परत नर्मदेच्या काठावर आलात की तो सोडा. धागा बांधलेला असेपर्यंत उजव्या हाताचं पाणी नर्मदा नाही.

उतारावर पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका, वर चालत राहा आणि पूल किंवा गुरं उतरतात ती जागा शोधा. उतरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा आणि तोंड प्रवाहाकडे ठेवा.

इशारा: वाळूच्या पात्रातून सरळ जाण्याचा मोह धरणांच्या खाली टाळा. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की कोरडं पात्र भरायला वेळ लागत नाही. एप्रिल २००५ मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला इंदिरा सागरमधून सोडलेल्या पाण्यात स्नानाला आलेले भाविक वाहून गेले होते. नर्मदेत मगरीही आहेत, त्यामुळे संथ पाण्याच्या अगदी कडेने पहाटे आणि तिन्हीसांजेला चालू नका.

## टप्पा ६: बुडीत क्षेत्राचा काठ

हिवाळा सरून पाणी उतरू लागलं की जुन्या गावांचे रस्ते वर येतात. डांबर दिसतं, मोरी दिसते, कधी मैलाचा दगडही. पायाला बरं वाटतं म्हणून सगळे त्यावर चढतात आणि तो रस्ता अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा पाण्यात उतरतो. बुडीतातून वर आलेल्या रस्त्यावर ताज्या चाकांच्या खुणा नसतील तर तो तुमचा नाही.

पाणी ओसरलेल्या जागी वरून भेगाळलेला, कोरडा गाळ असतो आणि खाली चिखल. काठी जोर देऊन रोवा. वीतभरापेक्षा जास्त आत गेली तर आल्या पावली मागे फिरा, बाजूने वळसा घ्यायला जाऊ नका.

काठावर वाट कुठली, हा प्रश्न पडला तर उत्तर बहुतेकदा 'काठावर नाही' असंच असतं. पाण्याच्या रेषेपासून वर, शेतं जिथे सुरू होतात तिथली पांदण धरा. आत घुसलेल्या पाण्याच्या बोटाच्या टोकाशी, जिथे ओढा जलाशयाला मिळतो, तिथे हमखास गुरांचा उतार असतो. बोट मध्येच ओलांडता येईल या आशेने खाली उतरून काठ चाचपत बसू नका. थेट टोक गाठा.

## टप्पा ७: फाट्यावर कोणती वाट?

झाडीत वाट फुटली की घाई करू नका, दोन्ही फांट्यांवर पन्नास-पन्नास पावलं जाऊन बघा.

माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने तोडलेल्या असतात आणि तोडलेलं टोक तिरकं, स्वच्छ असतं. ओढ्यात पाय ठेवायला दगड मांडलेले असतात. विडीची थोटकं, पुड्या, चपलेचे ठसे असतात. गुरांच्या वाटेवर छातीच्या उंचीला फांद्या आडव्या येतात, कारण खालून जाणाऱ्या बकरीला त्यांची अडचण नसते. ती वाट थोड्या अंतराने चार-पाच समांतर वाटांत पसरते आणि चराईच्या मोकळ्या जागेत विरून जाते.

आणखी दोन फसव्या वाटा आहेत. वनविभागाच्या जाळरेषा रुंद, साफ आणि सरळ असतात. रस्त्यासारख्या दिसतात, पण वणवा अडवायला आखलेल्या असल्याने त्या कुठल्या गावाला जातीलच असं नाही. दुसरी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचणाऱ्यांची वाट. पहाटे रोज तुडवलेली असल्यामुळे ती मूळ वाटेपेक्षाही ठसठशीत दिसते. समोर एखाद्या मोहाखाली पाला जाळून जमीन काळी, साफ केलेली दिसली आणि वाट तिथेच थांबली, की समजा आपण त्या वाटेवर आलो. मागे फिरा. तिथे फुलं वेचणारं कुणी असेल तर मात्र नशीब चांगलं, विचारून घ्या.

सागाची पानगळ सुरू झाली की वाट पूर्ण झाकली जाते. तेव्हा पायाखाली बघून उपयोग नाही. मान वर करा आणि झाडांमधली मोकळी फट शोधा.

भगवा झेंडा देवळाचाही असतो आणि रंगवलेला बाण गाडीने परिक्रमा करणाऱ्यांसाठीही असतो. बाण मोठ्या रस्त्याकडे वळत असेल तर कागदावरचं पुढचं गाव त्या बाजूला आहे का, हे बघितल्याशिवाय त्याच्या मागे जाऊ नका.

गटात असाल तर एकच नियम: पुढचा माणूस प्रत्येक फाट्यावर थांबेल आणि शेवटचा माणूस दिसल्याशिवाय हलणार नाही. शिट्टी शेवटच्या माणसाकडे.

## टप्पा ८: वाट विचारायची रीत

'ये रास्ता फलाँ गाँव जाता है ना?' असं विचारलं की उत्तर 'हाँ महाराज' येतं. परिक्रमावासीला नाही कसं म्हणायचं, हा त्यामागचा भाव असतो, त्यात फसवणूक नाही. प्रश्नच उलटा करा. आधी 'नर्मदे हर' म्हणा, टेका, मग विचारा:

१. 'दादा, अगले गाँव का नाम क्या है?' नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या आणि कागदाशी ताडून बघा.

२. 'किधर से जाते हैं?' हाताने दाखवलेल्या दिशेला होकायंत्र धरा.

३. 'बीच में क्या-क्या मिलेगा?' नाला, शाळा, हातपंप, वडाचं झाड, जे सांगतील ते क्रमाने लिहा. खरी माहिती याच उत्तरात असते.

४. 'पानी उतर गया क्या? आप कब गए थे?' काठच्या वाटेसाठी हा प्रश्न सोडू नका. दिवाळीत गेलेला माणूस आजच्या पाण्याचं सांगू शकत नाही.

अंतर विचारू नका, वेळ विचारा, आणि मिळालेल्या वेळेची दीडपट धरा, कारण सांगणारा ओझ्याशिवाय रोज चालतो. दूरच्या मुक्कामाचं गाव विचारून उपयोग नाही. शेजारच्या गावापलीकडचं जंगल अनेकांनी पाहिलेलं नसतं. शक्यतो गुराखी किंवा लाकूडफाटा आणणाऱ्या बायांना विचारा. मोटारसायकलवाला त्याला माहीत असलेला रस्ता सांगतो, तो बहुधा लांबचा असतो. शक्य असेल तर दोघांना वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारल्याशिवाय निघू नका.

## टप्पा ९: वाट हरवली तर

कागदावरची अपेक्षित खूण वेळेच्या दीडपट चालूनही आली नाही, म्हणजे वाट हरवली. हे मान्य करायला लोक सरासरी फार उशीर लावतात आणि तेवढ्या वेळात आणखी आत जातात.

१. थांबा, ओझं उतरवा, पाणी प्या. दहा मिनिटं कुणीही वाट शोधायला उठायचं नाही.

२. खात्रीची शेवटची जागा कोणती आणि तिथून किती वेळ झाला, ते लिहा. 'मला वाटतं' अशी जागा धरू नका. नाव विचारलेलं गाव, ओलांडलेला पूल, अशीच धरा.

३. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्या आणि नकाशावर खूण करा. दशांशानंतरचे तीन आकडे म्हणजे सुमारे १०० मीटरची अचूकता, कागदी नकाशाला तेवढी पुरते. कुणाला कळवायचं असेल तर पाच आकडे द्या.

४. उजेड असेल आणि मागची वाट ओळखीची असेल तर त्या शेवटच्या जागेपर्यंत परत जा. आडवं कापून 'मूळ वाटेला लागू' हा बेत करू नका. तुम्ही आधीच कुठे आहात ते माहीत नसताना आडवी रेघ कुठे जाईल?

५. ओढ्याच्या पाण्याबरोबर खाली उतरलं की मैया भेटेलच, असं सांगितलं जातं. भेटते खरी, पण वाटेत कडे असतात, आणि धरणाच्या भागात ओढा जिथे संपतो तिथे उभ्या उतारावर नुसतं पाणी असतं, काठ नसतो. वर चढून डोंगराच्या धारेवर जा. तिथून धूर, शेतं, कौलं दिसतात, आणि मोबाइलला रेंज मिळण्याची शक्यताही तिथेच.

६. चार वाजून गेले असतील आणि गावाची खात्री नसेल तर रात्र काढायची तयारी उजेडातच करा. ओढ्याच्या पात्रात नको, पाण्याच्या काठाला नको, जाळरेषेसारखी मोकळी जागा चांगली. वाळलेल्या पाल्यात विस्तव पेटवू नका. शिट्टीचे तीन लांब आवाज, एक मिनिट थांबून पुन्हा तीन. पहाटे कोंबडा, हातपंप, बैलांच्या घंटा यांचे आवाज लांबून येतात. दिशा होकायंत्रावर टिपून ठेवा आणि उजाडल्यावरच निघा.

७. कुणी जखमी असेल किंवा पाणी संपलं असेल तर ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून हा नंबर लागू शकतो. बोलणं तुटतं, म्हणून आधी कागदावर लिहून घ्या आणि याच क्रमाने सांगा: जिल्हा, तट, शेवटचं खात्रीचं गाव आणि पाडा, अक्षांश-रेखांश, किती जण, काय झालंय, बॅटरी किती टक्के. हाच मजकूर घरच्या एका माणसाला एसएमएसने पाठवा. रेंज क्षणभरच आली तरी एसएमएस जातो, व्हॉट्सॲपवरचा फोटो अडकून बसतो. मग फ्लाइट मोड लावा आणि दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं मोबाइल चालू करा. ही वेळही त्याच एसएमएसमध्ये लिहा, म्हणजे शोधणाऱ्यांना कधी फोन करायचा ते कळेल.